‘काल झाले आहे’ : पूर्ण वर्तमानकाळ आणि साक्षीचा प्रश्न

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीत ज्या वाक्याखाली हमखास लाल रेघ ओढली जाते, ते वाक्य ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हे होय. शिक्षक सांगतात की ‘यस्टरडे’ हा शब्द संपलेला काळ दाखवतो आणि ‘हॅव सीन’ हे रूप वर्तमानाशी जोडलेले असते, म्हणून ही दोन एका वाक्यात नांदू शकत नाहीत. विद्यार्थी ‘हॅव’ खोडतो, ‘सॉ’ लिहितो, आणि प्रश्न तेथेच मिटतो. तो मिटू नये असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण विद्यार्थ्याने जे लिहिले त्यामागे इंग्रजीचे अज्ञान असेल, परंतु भाषेचे अज्ञान नाही. ‘मी त्याला कालच पाहिले आहे’ हे मराठी वाक्य सर्वथा शुद्ध आहे, इतकेच नव्हे तर ‘मी त्याला काल पाहिले’ या वाक्याहून ते काही निराळे आणि अधिकचे सांगते. हे अधिकचे काय आहे, आणि ते बोलणाऱ्यावर कोणती जबाबदारी टाकते, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न वरकरणी व्याकरणाचा आहे; पण घडून गेलेल्या गोष्टीबद्दल ‘आहे’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोहोचतो, असा तो विचारला की तो नीतीचा होतो.

प्रथम इंग्रजीतील निर्बंध नीट पाहू. ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘रीसंटली’, ‘ऑलरेडी’, ‘सिन्स’ने सुरू होणारी पदबंधरचना, हे सारे पूर्ण वर्तमानकाळासोबत चालते, ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २००५’ हे चालत नाही. गंमत अशी की ‘धिस मॉर्निंग’ हा पदबंध सकाळी चालतो आणि दुपार झाल्यावर बहुतेकांना खटकू लागतो. म्हणजे वाक्य शुद्ध की अशुद्ध हे घड्याळाकडे पाहून ठरवावे लागते. हान्स रायशेनबाख याने १९४७ साली या व्यवस्थेची जी तर्कशास्त्रीय मांडणी केली ती आजही उपयोगी पडते. त्याने प्रत्येक काळरूपात तीन क्षण कल्पिले : घटना घडल्याचा क्षण, ती उच्चारल्याचा क्षण, आणि ज्या ठिकाणी उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो संदर्भाचा क्षण. साध्या भूतकाळात संदर्भाचा क्षण घटनेपाशी असतो. आपण मनाने तेथे गेलेलो असतो. पूर्ण वर्तमानकाळात घटना मागे असते, परंतु आपण उच्चाराच्या क्षणीच उभे असतो. इंग्रजीत कालवाचक शब्द संदर्भाच्या क्षणाला चिकटतो, आणि तो क्षण ‘आत्ता’ असल्यामुळे त्याला ‘काल’ चिकटवता येत नाही. व्होल्फगांग क्लाइन याने १९९२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हे स्पष्टीकरण अपुरे ठरवले; त्याच्या मते घटनेचा काळ आणि ज्या काळाविषयी विधान केले जाते तो काळ, हे दोन्ही एकाच वेळी नेमके ठरलेले असणे इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाला सोसत नाही. जर्मनला ते सोसते. पण जर्मन बोलीत पूर्णकाळानेच साध्या भूतकाळाची जागा बऱ्याच अंशी बळकावली आहे, तेव्हा तेथे ‘काल’ चालतो यात फारसे नवल नाही. मराठीचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण मराठीत ‘पाहिले’ आणि ‘पाहिले आहे’ ही दोन्ही रूपे ठणठणीत जिवंत आहेत, त्यांच्यातील भेद प्रत्येक बोलणाऱ्याला जाणवतो, आणि तरीही ‘काल’ दोहोंसोबत जातो.

हा भेद कोठे जाणवतो? ‘काल मी सिनेमा पाहिला आहे’ असे वाक्य हकीकत सांगण्याच्या ओघात आले तर कानाला अडखळल्यासारखे होते. पण कोणी तिकीट पुढे केले तर ‘नको, मी तो कालच पाहिला आहे’ हे उत्तर अगदी सहज येते. ‘शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला आहे’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात विचित्र दिसेल. मात्र एखाद्या बनावट पत्रावर वाद चालला असता ‘राज्याभिषेक १६७४ साली झाला आहे, मग १६७२ च्या पत्रात ही राजशकाची मिती कशी?’ असे म्हणताना तेच वाक्य अचूक ठरते. दोन्ही ठिकाणी घटना तीच आणि तारीखही तीच. बदलले ते एवढेच की पहिल्या ठिकाणी वक्ता सांगत होता, दुसऱ्या ठिकाणी तो त्या घटनेच्या जोरावर आत्ता काही मागत होता. मराठीतील पूर्ण वर्तमानकाळ हा वादाचा, पुराव्याचा, देण्याघेण्याचा काळ आहे. घटनेची तारीख तो पुसत नाही. तारखेसकट ती घटना समोरच्या माणसापुढे ठेवतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण नृसिंहवाडीत सापडते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील या गावात दत्तमंदिर घाटावर, नदीच्या अगदी अंगाशी आहे. पावसाळ्यात पाणी चढत चढत गाभाऱ्यात शिरते, नृसिंहसरस्वतींच्या मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी चढताना होतो तो चढता सोहळा, पूर ओसरताना होतो तो उतरता. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लांबून माणसे येतात. आता पुण्यात किंवा बेळगावात राहणारा कोणी भाविक वाडीतील नातेवाइकाला विचारतो, तेव्हा ‘काल रात्री दक्षिणद्वार झाले’ आणि ‘काल रात्री दक्षिणद्वार झाले आहे’ या दोन उत्तरांत सगळा फरक पडतो. पहिल्याचा अर्थ बातमी कळली. दुसऱ्याचा अर्थ पाणी अजून पादुकांवर आहे, निघायचे तर निघा. पाणी आणखी चढून मंदिर बुडाले, किंवा ओसरून दार कोरडे पडले, की दुसरे वाक्य म्हणता येत नाही, मग ते चोवीस तासांपूर्वी कितीही खरे असो. सतराव्या शतकातील फ्रेंच व्याकरणकारांनी संयुक्त भूतकाळाची मर्यादा चालू दिवसापुरती आखली होती. वाडीची मर्यादा दिवसाने ठरत नाही, पाण्याने ठरते.

भक्तिभाव बाजूला ठेवून पाहिले तरी हे रूप तेथे जीवनावश्यक आहे. पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजले जाते; ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी मोजतात. वाडी, कुरुंदवाड आणि शिरोळ तालुक्यातील इतर गावे या दोन्ही आकड्यांच्या खालच्या अंगाला आहेत, म्हणून पावसाळ्यात तेथील कान या दोन्हींकडे लागलेले असतात. ‘सकाळी सात वाजता पाण्याने इशारा पातळी ओलांडली आहे’ या वाक्यात वेळ आणि ‘आहे’ हे दोन्ही लागतात. वेळ लागते, कारण ते पाणी येथवर यायला किती अवधी उरला याचा हिशेब करायचा असतो. ‘आहे’ लागते, कारण ते पाणी मधल्या काळात खाली गेलेले नाही, एवढे तरी ऐकणाऱ्याला कळलेच पाहिजे. इंग्रजीला येथे एका वाक्यात भागवता येत नाही. घटनेची वेळ सांगायची तर ‘क्रॉस्ड’ म्हणावे लागते आणि मग पाणी अजून वर आहे की नाही हे सांगण्यासाठी दुसरे वाक्य जोडावे लागते. इंग्रजी हे सांगू शकत नाही असा याचा अर्थ नव्हे. रोमान याकोबसनने १९५९ साली दाखवून दिले त्याप्रमाणे भाषा काय सांगू शकतात यापेक्षा काय सांगणे टाळू शकत नाहीत यावरून परस्परांहून वेगळ्या ठरतात. पण कोणती गोष्ट एका दमात सांगता येते आणि कोणती जोडून सांगावी लागते, यावर जोडकाम विसरण्याची मुभा किती मिळते हे अवलंबून असते. या मुभेकडे पुढे यायचे आहे.

आता ‘आहे’ची रचना पाहावी लागेल, कारण नैतिक प्रश्नाची मेख तेथे आहे. ‘आय हॅव सेंट द लेटर’ यात ‘हॅव’ हे क्रियापद पाठवणाऱ्याच्या अधीन आहे. जणू केलेले कृत्य कर्त्याच्या मालकीचे होऊन त्याच्यापाशी राहते. ‘मी पत्र पाठवले आहे’ यात तसे नाही. ‘मी पत्रे पाठवली आहेत’ असे करून पाहावे : ‘आहे’ ‘मी’कडे ढुंकूनही पाहत नाही, ते पत्रांच्या वचनाप्रमाणे चालते. आपल्या भूतकाळाचा ‘ल’ संस्कृतातील क्त-प्रत्ययान्त कृदन्ताच्या वळणातून आलेला असल्यामुळे हे घडते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यातून जे तत्त्व निघते त्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. सकर्मक क्रियेत मराठी पूर्ण वर्तमानकाळ कर्त्याच्या असण्याची ग्वाही देत नाही, केलेल्या वस्तूच्या असण्याची देतो. अकर्मक क्रियेत मात्र ‘ते आले आहेत’ असे ‘आहे’ खुद्द कर्त्यालाच धरते.

नोम चॉम्स्कीने १९७० च्या सुमारास दाखवलेली एक अडचण येथे आठवते. आइन्स्टाइन हयात नसताना त्याला कर्ता करून ‘हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ असे इंग्रजीत म्हणणे खटकते, आणि प्रिन्स्टनला कर्ता करून तेच वाक्य कर्मणी केले तर खटकत नाही. कारण प्रिन्स्टन अजून आहे. मराठीत हा पेच अर्ध्याच वाक्यांना लागू पडतो. ‘मर्ढेकरांनी सौंदर्य आणि साहित्यमध्ये लयीचा सिद्धांत मांडला आहे’ हे वाक्य मर्ढेकर १९५६ साली निवर्तल्यानंतरही आपण निःशंकपणे लिहितो, कारण ‘आहे’ हे सिद्धांताला धरून आहे आणि ग्रंथ टेबलावर उघडा आहे. ‘मर्ढेकर लंडनला गेले आहेत’ असे मात्र आज कोणी म्हणणार नाही. इंग्रजी समीक्षक अशा वेळी सरळ वर्तमानकाळ वापरतो आणि मृत लेखकाला बोलते करतो. आपण ‘म्हटले आहे’ असे लिहितो आणि लेखकाला जेथे आहे तेथे राहू देऊन त्याचे म्हणणे तेवढे हजर करतो. दुसरी रीत अधिक विनयाची आहे असे माझे मत आहे.

या कसोटीवर वाडीतील आणखी एक वाक्य घासून पाहू. नृसिंहसरस्वती येथे बारा वर्षे राहिले अशी परंपरा आहे. ‘गुरुचरित्रा’त सरस्वती गंगाधर यांनी तसे सांगितले आहे. येथून ते गाणगापुरास गेले, परंतु जाताना औदुंबरापाशी आपला वास कायम राहील असे आश्वासन त्यांनी दिले, असेही तो ग्रंथ सांगतो. या एका घटनेविषयी वाडीत तीन वाक्ये ऐकू येतात. ‘महाराज येथे राहिले’, ‘महाराज येथे राहिले आहेत’, आणि ‘महाराज येथे आहेत’. पहिले वाक्य इतिहासाचे आहे. तिसरे श्रद्धेचे आहे. ते भूतकाळावर अवलंबूनच नाही, म्हणून त्याला पुरावा मागणे हा प्रकारभेदाचा दोष ठरेल. मधले वाक्य सर्वांत अवघड आहे. येथे क्रिया अकर्मक, त्यामुळे ‘आहेत’ हे खुद्द महाराजांना धरते. सरस्वती गंगाधरांनी ‘सांगितले आहे’ असे म्हणताना जी सोय होती ती येथे नाही. इंग्रजीत तर ‘हॅज लिव्ड हिअर फॉर ट्वेल्व्ह इअर्स’ म्हणजे तेरावे वर्ष लागले की काय असा प्रश्न येईल, कारण चालू असलेला मुक्काम इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाने दाखवते. आपण तो ‘राहतो आहे’ असा साध्या वर्तमानाच्या वळणाने दाखवतो. (‘आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स’ या आपल्याकडील सर्वपरिचित इंग्रजीचे मूळ येथे आहे.) मग ‘राहिले आहेत’ म्हणणारा माणूस काय म्हणतो? राहणे संपले हे त्याला मान्य आहे. बारा वर्षे हा आकडाच ते सांगतो. तरीही त्या राहण्यातून काही उरले आहे आणि जे उरले ते केवळ दगडावरील पादुका नव्हेत, असे त्याला म्हणायचे आहे.

पॉल रिकर याने १९८५ साली पूर्ण झालेल्या आपल्या काल आणि कथन या ग्रंथात ‘खूण’ या कल्पनेचा जो विचार केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. खूण ही आजची वस्तू असते. ती दिसते, मोजता येते, झिजते. आणि त्याच वेळी ती जे आता नाही त्याच्या जागी उभी असते. इतिहासकार खुणेकडून घटनेकडे जातो आणि तेथे पोहोचल्यावर साधा भूतकाळ वापरतो. ‘राहिले आहेत’ म्हणणारा खुणेपाशीच थांबतो. त्याला घटनेकडे जायचे नाही, घटनेने आपल्याकडे यावे असे त्याला वाटते. यात भाबडेपणा आहे असे म्हणण्याची घाई करू नये. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेल्या गढूळ रेषेकडे बोट दाखवून ‘२०१९ साली पाणी इथवर आले आहे’ असे सांगणारा माणूस नेमके हेच करत असतो, आणि त्याला कोणी भाबडा म्हणत नाही. त्याने ‘आले होते’ म्हटले असते तर ती आठवण झाली असती. ‘आले आहे’ म्हटल्यामुळे ती नव्या घराचा पाया भरणाऱ्यासाठी सूचना झाली. अर्थात रेषेचा पुरावा आणि पादुकांचा पुरावा एका जातीचे नाहीत. रेषा पाण्यानेच काढली, तर पादुकांमागे परंपरेचा शब्द आहे. परंतु दोन्ही ठिकाणी ‘आहे’ म्हणणारा स्वतःला साक्षीदाराच्या जागी उभा करतो, आणि साक्षीदाराला उलटतपासणी चुकत नाही.

साक्षीचा आणि काळाचा हा संबंध आपल्या व्याकरणपरंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक होता. पाणिनीने भूतकाळाचे जे तीन विभाग केले त्यांतील एक रेघ आजचा दिवस आणि त्यापूर्वीचा काळ यांमध्ये आहे, आणि दुसरी रेघ तारखेची नाहीच. ती वक्त्याने पाहिलेले आणि न पाहिलेले यांमध्ये आहे. न पाहिलेल्यासाठी ‘लिट्’. परोक्ष म्हणजे किती दूरचे, यावर पतंजलीने महाभाष्यात जी मते नोंदवली आहेत ती वाचताना हसू येते आणि विचारही करावा लागतो : कोणी म्हणतो शंभर वर्षांपूर्वीचे, कोणी हजार वर्षांपूर्वीचे, कोणी भिंतीच्या किंवा चटईच्या आडचे, तर कोणी दोन-तीन दिवसांपूर्वीचे. अंतर काळाचे की आडोशाचे, हा वाद तेव्हाही मिटलेला नव्हता. याच ठिकाणी शाकटायनाची गोष्ट येते. हा वैयाकरण रथमार्गाच्या कडेला बसला होता, समोरून गाड्यांचा तांडा गेला, आणि त्याला तो दिसलाच नाही. डोळे होते, रस्ता होता, गाड्या होत्या. मन तेथे नव्हते. म्हणजे समोर घडलेलेही परोक्ष असू शकते. उलट, आपण स्वतः पाहिलेले नाही पण लोकांत प्रसिद्ध आहे आणि पाहता आले असते, अशा घटनेसाठी परोक्षाचे रूप नको, असे वार्तिककार सांगतो. यवनाने साकेताला घातलेल्या वेढ्याचे पतंजलीचे उदाहरण त्यासाठीच आहे. पाहता येण्याजोगे होते तर न पाहिल्याची सबब व्याकरणाने मान्य करू नये, असा अर्थ या वार्तिकातून मी काढतो. तो पतंजलीला अभिप्रेत होता की नाही यावर मतभेद होऊ शकेल.

मराठीने ही रूपे गमावली, पण साक्षीची गरज गमावली नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या तेव्हा कोणती लीळा कोणाकडून कळली याची चौकशी हा त्या कामाचा कणाच होता. हीच गरज सरकारदरबारी एका शब्दात टिकून राहिली : ‘समक्ष’. पंचनामा हा मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. त्यात दिवस असतो, वेळ असते, पंचांची नावे आणि सह्या असतात, आणि जे पाहिले ते समक्ष पाहिले असे म्हटलेले असते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांनंतर शिरोळ तालुक्यात घरोघरचे पंचनामे झाले, आणि पडलेल्या भिंतीची लांबी-रुंदी, भिजलेले धान्य, वाहून गेलेले जनावर यांची नोंद याच भाषेत झाली. या भाषेला शैली नाही असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिची शैली पाणिनीच्या कसोटीला उतरणारी आहे.

पण पंचनाम्यानंतर जो पत्रव्यवहार सुरू होतो त्याचे गद्य अगदी वेगळे असते. ‘या संदर्भात आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली आहे.’ ‘प्रकरण पुढे पाठविण्यात आलेले आहे.’ कोणत्याही कार्यालयाचे, कोणत्याही गावचे, कोणत्याही पक्षाच्या राजवटीतले उत्तर उघडावे. हे वाक्य सापडतेच. या वाक्यातून प्रथम कर्ता गेला आहे. तो जाणे मराठीत सोपे आहे, कारण ‘आहे’ आधीच कर्त्याला सोडून कर्माला धरते. ‘ने’ लागलेला कर्ता गळाला तरी क्रियापदाला धक्का बसत नाही. दुसरे, तारीख गेली आहे. उरली फक्त कार्यवाही आणि तिचे असणे. भिंत, धान्य आणि जनावर यांच्या बाबतीत ‘आहे’ हा शब्द काहीतरी दाखवत होता. येथे तो काय दाखवतो? कार्यवाही ही दिसणारी वस्तू नव्हे. पूर्ण वर्तमानकाळाने दिलेली ग्वाही येथे अशा वस्तूविषयी आहे की जिच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा ते वाक्यच आहे.

हे वाक्य कोठून आले हे उघड आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. त्याच्या आगेमागे शासनव्यवहार मराठीत आणण्याचे जे प्रचंड काम झाले त्यात ‘अॅक्शन हॅज बीन टेकन’ याचे भाषांतर होणे अटळ होते. भाषांतरकारांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. परिभाषेसाठी त्यांनी उपसलेले कष्ट आपण विसरता कामा नये. तथापि भाषांतरात एक गोष्ट निसटली ती अशी. इंग्रजी वाक्यात तारीख नाही याला व्याकरणाचा आधार आहे. ‘हॅज बीन टेकन’ म्हटल्यावर ‘ऑन द फिफ्थ’ म्हणता येत नाही. तारीख हवी तर वाक्य मोडून दुसरे करावे लागते. इंग्रज कारकुनाने तारीख दिली नाही तर त्याच्या मौनाला भाषेने निदान निमित्त तरी पुरवले आहे. मराठी कारकुनाला ते निमित्तही नाही. ‘दि. ५ रोजी कार्यवाही केली आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. भाषेचा तर तसा स्वभावच आहे. वाडीत पाण्याबद्दल रोज कोणी ना कोणी असे वाक्य बोलतो. तेव्हा मराठी पत्रात तारीख नसणे ही इंग्रजीची सावली आहे, आणि सावलीत बसणे सोयीचे पडले म्हणून आपण तेथून उठलो नाही. रचना उसनी घेतली जाते तेव्हा तिच्यासोबत तिची मौनेही येतात. फरक एवढाच की मूळ भाषेत जे मौन सक्तीचे असते ते नव्या भाषेत ऐच्छिक होते, आणि ऐच्छिक मौनाचा जाब विचारता येतो. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ साली आल्यापासून अर्जदार जे विचारतात ते पाहिले तर तो जाब नेमका व्याकरणाचा आहे : कोणी, आणि कोणत्या दिनांकास. गळालेली ‘ने’ विभक्ती आणि गळालेले कालवाचक क्रियाविशेषण तो अर्जदार परत मागत असतो.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. तारीख दिली म्हणून वाक्य खरे होत नाही. तारखेसकट खोटे बोलता येते आणि दप्तरात तशा तारखा थोड्या नसतील. शिवाय काळरूपांवरून समाजाची नीती मोजू लागलो तर इंग्रजी बोलणारे बेजबाबदार आणि मराठी बोलणारे सत्यवादी अशा हास्यास्पद निष्कर्षावर आपण येऊ. हे दोन्ही मान्य आहे. व्याकरण माणसाला प्रामाणिक करत नाही. ते फक्त अप्रामाणिकपणाची किंमत ठरवते. तारीख असलेले खोटे पकडता येते, कारण त्या तारखेला तो अधिकारी रजेवर होता हे कोणीतरी दाखवू शकतो. तारीख नसलेले वाक्य खोटेही ठरू शकत नाही, आणि जे खोटे ठरू शकत नाही त्याला साक्ष म्हणता येत नाही. कारकुनाच्या बाजूनेही एक सांगितले पाहिजे : वरून जाब आला तर नेमके नाव आणि नेमकी तारीख देणाराच सापडतो, न देणारा सुटतो, हे त्याने नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकलेले असते. त्याची भाषा त्याच्या भीतीची भाषा आहे. दोषाची वाटणी करताना हे लक्षात घ्यावे लागेल.

आणि या वाटणीत आपली समीक्षाही येते. बेन्व्हनिस्त याने १९५९ साली फ्रेंच क्रियापदांचा विचार करताना कथन आणि संभाषण अशी दोन स्तरांची विभागणी केली. साधा भूतकाळ पहिल्याचा, संयुक्त भूतकाळ दुसऱ्याचा. पहिल्यात घटना जणू आपणहून घडतात, दुसऱ्यात कोणीतरी कोणाला तरी सांगत असते आणि सांगणारा त्याला बांधलेला असतो. कामूची ‘द आउटसायडर’ म्हणून आपल्याकडे परिचित असलेली १९४२ ची कादंबरी सारी या दुसऱ्या काळात लिहिली गेली, आणि तिचा नायक ज्या न्यायालयात उभा आहे तेथे हेच रूप लागते. सार्त्रने पुढच्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात या काळाची चर्चा केली ती वेगळ्या अंगाने, वाक्यावाक्यांतील तुटलेपणा दाखवण्यासाठी. समीक्षा ही या अर्थाने पूर्णपणे संभाषणाच्या स्तरावरची आहे. ती घटना सांगत नाही, दावे मांडते. म्हणून ‘म्हटले आहे’ हे तिचे क्रियापद. ते लिहिले की पृष्ठांक देण्याचे ऋण डोक्यावर येते. परंतु आपल्या नियतकालिकांत ‘अनेक समीक्षकांनी असे म्हटले आहे’, ‘या कादंबरीवर दुर्बोधतेचा आरोप झालेला आहे’, ‘हे मत आता खोडले गेले आहे’ ही वाक्ये ज्या मुक्तपणे वावरतात त्यांची रचना ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ या वाक्याहून तसूभरही निराळी नाही. कर्ता नाही, तारीख नाही, आणि ‘आहे’ मात्र ठणठणीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांतून हे वाक्य येते तेव्हा आपण समासात ‘कोणी?’ असे लिहितो. ‘केव्हा?’ असे क्वचितच लिहितो. एखादे मत १९४५ च्या आधीच्या वादात मांडले गेले की साठोत्तरीच्या, यावर त्याचा अर्थ पालटतो हे माहीत असूनही आपण असे करतो. आणि मराठीत ‘केव्हा’चे उत्तर त्याच वाक्यात बसते, त्यासाठी वाक्य मोडावेही लागत नाही.

इंग्रजीच्या वर्गातील ती लाल रेघ मात्र राहू द्यावी. इंग्रजीत ते वाक्य चुकीचेच आहे आणि परक्या भाषेचे नियम पाळणे हा सभ्यतेचा भाग आहे. फक्त ती रेघ ओढल्यावर शिक्षकाने त्या विद्यार्थ्याला एवढे विचारावे की ‘सॉ’ लिहिल्यावर तुझ्या मनातील कोणती गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगण्यासाठी इंग्रजीत तू दुसरे वाक्य कोणते लिहिशील.